मुलांच्या अभ्यासाला घरात शांत जागा: कुठे करावी, कशी करावी?

वैशाखवणवा

नमस्कार मंडळी,

जळगावात आमचं रो-हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची, म्हणजे माई-आबांची, खोली. वर आमची खोली, आणि तिच्यापुढे गच्चीवर एक पत्र्याची खोली. तिच्यात सध्या बिबड्यांचे डबे, पाहुण्यांच्या गाद्या आणि एक मोडका कूलर नांदतात. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. दोघांची दप्तरं हॉलमध्ये, अभ्यास हॉलमध्ये, मारामाऱ्या हॉलमध्ये. आबांचा टीव्हीही हॉलमध्येच. सहा वाजले की आबांची मित्रमंडळी ओट्यावर जमते आणि डास वाढले की तीच मंडळी आत येते. कापसाचा भाव, कुणाच्या नातीची सोयरीक, कुणाची बायपास. मुलगा समोर बीजगणित उघडून बसलेला असतो, कान तिकडे. परवा जेवताना त्यानेच मला सांगितलं, कुठल्या काकांची शुगर किती आली ते.

आमच्या ह्यांचं म्हणणं, पत्र्याची खोली रिकामी करू आणि सुताराकडून टेबल, कपाट, फळ्या असं सगळं एकदाच करून घेऊ. सुताराने २८ हजार सांगितलेत. मला वाटतं, नव्याचे नऊ दिवस मुलं वर जातील आणि मग पुन्हा खाली हॉलमध्ये.

तर वेगळी खोली द्यावी की डोळ्यासमोर बसवावं? पत्र्याखाली उन्हाळ्यात जमतं का? आणि आबांना न दुखवता टीव्हीचं काय करायचं? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटी विचारला.

भुसावळ जंक्शन

मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. मागे यार्ड, रात्रभर शंटिंग, स्टेशनवरच्या सूचना तीन भाषांत तोंडपाठ. गाडीच्या आवाजाने माझा अभ्यास कधी मोडला नाही. पण शेजारच्या काकू आईशी दबक्या आवाजात बोलायला लागल्या की पेन थांबायचं. एकसुरी आवाज कान सोडून देतो, शब्द सोडत नाही. तुमच्याकडे अडचण आवाजाची नाहीच, गप्पांची आहे. मुलाला शब्द ऐकू येणार नाहीत एवढं लांब बसवा आणि पंखा चालू ठेवा. पार चिडीचूप खोली लागत नाही.

तापीकाठ

टीव्हीच वर पत्र्याच्या खोलीत न्या. हॉल शांत होईल आणि मे महिन्यात पत्र्याखाली बसून बातम्या बघण्याची हौस कुणाला किती आहे तेही कळेल.

वैशाखवणवा

तापीकाठ, आबांचे गुडघे दुखतात, जिना बंद आहे. आणि हा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवणार नाहीये.

उष्मांक

पत्र्याच्या खोलीवर सविस्तर लिहितो, कारण लोक नेमके इथे पैसे घालवतात.

आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ अंश हे ठरलेलंच. उन्हात पत्रा हवेपेक्षाही बराच जास्त तापतो आणि ती धग सरळ डोक्यावर येते. पंखा लावला तर तीच गरम हवा फिरते. पण पत्र्याचा एक गुण आहे, ऊन गेलं की तो लवकर निवतो. स्लॅबचं उलटं असतं. दिवसभर साठवलेली उष्णता तो रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत सोडत राहतो. म्हणजे संध्याकाळी सात ते दहा या वेळेत तुमची स्वतःची वरची खोली कदाचित पत्र्याच्या खोलीपेक्षा वाईट असेल. थर्मामीटर घेऊन दोन्हीकडे मोजा, मगच सुताराला बोलवा.

वर जायचंच असेल तर पत्र्याला बाहेरून पांढरा चुना मारा. शेतावरची हिरवी नेट पत्र्यापासून फूट-दीड फूट उंच बांधा, मधून वारा खेळला पाहिजे. पत्र्याला चिकटवून बांधली तर उपयोग निम्मा. आतून फॉल्स सीलिंग केलं तर मधली हवेची पोकळी मोठं काम करते.

कूलर लावाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो, वह्यांची पानं मऊ पडतात आणि मुलं पेंगतात. जुलै लागला की त्याचा उपयोग संपला, कारण हवेतच ओल असते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारं बटण, बसवून घ्या. कूलरच्या शॉकची बातमी दर उन्हाळ्यात पेपरात असते. मुलं एकटी वर बसणार असतील तर टेबलाच्या आधी हे करा.

पुण्यातला खानदेशी

वेगळ्या खोलीला माझा पाठिंबा. आम्ही सहा भावंडं एका खोलीत शिकलो आणि ‘बघा, तरी शिकलो’ म्हणून त्याचं कौतुक करत बसतो. जे मागे राहिले त्यांना कुणी विचारत नाही. आठवीच्या मुलाला दार लावता येईल अशी जागा हवी. त्याला एकांत लागतो, चुकायला पण एकांत लागतो. सारखं कुणीतरी वहीत डोकावतंय म्हटल्यावर कोण कच्चं काम करून बघेल?

कानबाईनी लेक

शिरपूरकडची आहे, म्हणून आमच्या बोलीत: पोऱ्यास्ले खोली नई लागस, माय जोडे लागस. म्हणजे मुलांना खोली नाही लागत, आई जवळ लागते.

माझी दोघं स्वयंपाकघरातच बसतात. मी भाकरी थापते, ती पाढे म्हणतात. चुकलं की तव्यावरून नजर न काढता मी सांगते. मराठी-इंग्रजीच्या वाचनाला हे फार चांगलं, आपण ऐकत असतो ना. गणिताला मात्र नाही, कुकरच्या शिट्टीला हातचा विसरतो.

दगडी ओटा

एवढं कशाला लागतं कळत नाही. आम्ही कंदिलाच्या उजेडात, धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर बसून मॅट्रिक झालो. खाली म्हशी, वर चांदणं. ना टेबल ना फेबल. हल्ली मुलांना आधी सामान लागतं, अभ्यास नंतर.

पुण्यातला खानदेशी

ओटाकाका, तुमच्या वर्गातले किती जण मॅट्रिक झाले तेही लिहा.

दगडी ओटा

मुद्दा मान्य. आम्ही चौघं. पण धाब्यावर हवा फार छान असायची, तेवढं राहू द्या.

कपाशीचं बोंड

धाग्याचा विषय वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. चोपडा तालुक्यात आमचं घर आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे ‘खोली’ ही गोष्टच उरत नाही. कापूस घरात येतो आणि भाव चढायची वाट बघत बसतो, कधी होळीपर्यंत. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, मधून जायला बोळ. मुलीची दहावी अशाच एका वर्षी आली. तिच्या बाबांना विकायचा नव्हता, तिला बसायला जागा नव्हती. बापलेकीचं त्यावरून आठवडाभर बोलणं बंद होतं.

मग तिनेच कापसाच्या ढिगाला लागून पलंग लावला. मंडळी, इतकी शांत जागा मी आजवर पाहिली नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी ऐकू येत नाही, कापूस सगळा आवाज खातो. पण अंगाला खाज! साठवलेल्या कापसातले किडे बारीक असतात, हातापायावर चट्टे उठतात. शेवटी मध्ये जुन्या साड्यांचा पडदा टाकला, पलंगाचे पाय विटांवर चढवले, रोज संध्याकाळी अंघोळ. आणि कडक नियम केला, त्या खोलीत उदबत्ती नाही, मच्छर अगरबत्ती नाही, वायरचा जोड नाही. एक ठिणगी पडली तर वर्षभराचं पीक आणि घर दोन्ही जातं. दिवा बाहेरच्या भिंतीला, उजेड खिडकीतून आत.

मुलगी पास झाली, चांगल्या मार्कांनी. कापूस मात्र पडत्या भावात गेला.

तापीकाठ

बोंडताई, मोठमोठ्या स्टुडिओवाल्यांना हे कळलं तर जिनिंगवाल्यांना सोन्याचे दिवस येतील.

शेवभाजी तिखट

खाजेवर कडुनिंबाचा पाला घालून अंघोळ, आमची आजी सांगायची. आणि धाब्याचा विषय निघालाच आहे तर धाब्यावरचं भरीत, काट्याकुट्यांवर भाजलेलं बामणोदचं वांगं...

भुसावळ जंक्शन

आला. भरीत आलं. कुठलाही धागा असो, तिसाव्या प्रतिसादाच्या आत येणारच.

शेवभाजी तिखट

आणि कळण्याची भाकरी. बरं, थांबतो. विषयावर बोलतो: भूक लागलेल्या मुलासाठी कुठलीच जागा शांत नसते. शाळेतून आल्यावर आधी पोटभर खाऊ द्या, तासभर खेळू द्या. पाचला आलेल्या मुलाला सव्वापाचला टेबलाशी बसवलं तर तो टेबलच खाईल.

मुनीमजी

बाजारपेठेत आमचं आडतीचं दुकान होतं. गादीवर मुनीमजींचं बैठं डेस्क असायचं, वरची फळी पुढे उतरती, उघडली की आत वह्या-टाक. दुकान बंद झाल्यावर ते घरी आणलं. माझी तीन मुलं त्यावर शिकली, आता नातवंडं. मांडी घालून बसायचं, वही उतरतीवर, मान वाकत नाही. काम झालं की उचलून भिंतीला. तिसरीच्या मुलीला खुर्ची-टेबल केलं तर तिचे पाय लोंबकळणार, वर्षभराने पुन्हा माप बदलणार. सुताराला असं डेस्क करायला सांगा, २८ हजाराच्या हिशोबात काहीच लागणार नाही.

आठवीच्या मुलाला मात्र खुर्ची-टेबल द्या. पाय जमिनीला टेकलेले, कोपर काटकोनात. एवढंच बघायचं, बाकी ड्रॉवर किती आणि सनमायका कुठला हा आई-बापांचा छंद.

दोन वेण्या

माझा मुलगा एका जागी पाच मिनिटंही बसत नाही. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलंय. आम्ही हौसेने त्याच्या टेबलासमोरची भिंत नकाशे, पाढे, फुलपाखरं, एबीसीडी यांनी भरून टाकली होती. थेरपिस्टताईंनी पहिल्याच भेटीत सगळं उतरवायला लावलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ साली बालवाडीच्या मुलांवर प्रयोग झाला होता. खूप सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि शिकलेलं कमी लक्षात राहिलं. ही सगळ्याच मुलांची गोष्ट आहे, माझ्याच मुलाची नाही. आता समोर कोरी भिंत, तक्ते पाठीमागे. हवं तेव्हा वळून बघतो.

दुसरं म्हणजे त्याला पंधरा मिनिटं बसवायचं आणि मग उठवायचं. पाणी आण, आजीला पेपर दे, गच्चीवर चक्कर मार. आधी मी ‘उठू नकोस’ म्हणून ओरडायचे, आता मीच उठवते.

आणि कृपा करून ती जागा शिक्षेची करू नका. ‘दंगा केलास ना, जा तुझ्या अभ्यासाच्या खोलीत’ हे वाक्य आमच्या शेजारी रोज ऐकू येतं. मग त्या खोलीकडे मूल कसं बघणार?

वैशाखवणवा

दोन वेण्या, शेवटचं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा उचलला. हे वाक्य आमच्याकडे आबा म्हणतात, ‘जा वरती’. वरती म्हणजे पत्र्याची खोली. मुलीच्या मनात ती खोली आधीच खलास आहे.

धडगावचे मास्तर

मी सातपुड्यात शिकवतो. वरचं सगळं वाचलं, मजा आली, पण थोडं वेगळं सांगतो.

आमच्या पाड्यांवर घरं एकेकटी, डोंगरउतारावर. कुडाच्या भिंती, खिडकी जवळपास नाहीच. उजेड फक्त दारातून. त्यामुळे मुलं दारात बसतात, उंबऱ्याच्या आत पाय, बाहेर वही. अंधार पडला की संपलं. काही घरांत सोलरचा कंदील आहे, पण त्यावर मोबाइलही चार्ज होतो, म्हणजे कंदिलाची वाटणी. पुस्तक खाली ठेवलं तर शेळी खाते किंवा उंदीर, म्हणून पिशवी आढ्याला टांगलेली. शाळेत नवीन पुस्तकं वाटतो त्या दिवशी मी पहिला गृहपाठ हाच देतो: घरात पुस्तकाची जागा ठरवा आणि उद्या मला सांगा कुठे ठरवली. मुलं फार मन लावून सांगतात. एकीने सांगितलं होतं, ‘आजीच्या डोक्याच्या वर.’

दिवाळीनंतर बरीचशी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर आश्रमशाळेत. आश्रमशाळेत हॉलमध्ये ओळीने झोपायचं, तिथे कसली खोली न् कसला कोपरा. पण प्रत्येकाकडे एक पत्र्याची पेटी असते, कुलपाची. मुलं तिच्यावर वही ठेवून लिहितात, तिच्यात पुस्तकं ठेवतात, झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र चिकटवतात. दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही केलेला नाही, मुलांचा आहे.

म्हणून ताई, तुमच्या मुलीला खोली द्या न द्या, पण जिला तिच्याशिवाय कुणी हात लावणार नाही अशी एक पेटी द्या. दादाने तर नाहीच नाही.

आणखी एक. आमच्या मुलांच्या घरात पावरी, भिली बोलतात, पुस्तक मराठीत. घरी मराठी वाचून दाखवायला कुणी नाही. मी सांगतो, आजीला वाचून दाखव आणि तुमच्या बोलीत अर्थ सांग. आजीला अक्षर येत नाही, पण गोष्ट समजते, आणि नातीने चुकीचा अर्थ सांगितला तर तिला ते बरोबर कळतं. आबा-माई घरात आहेत ही तुमच्या घराची अडचण धरू नका.

कानबाईनी लेक

मास्तर, बठ्ठं बराबर शे.

अमळनेरचा

मास्तरांचा प्रतिसाद वाचून आमच्या गावची गोष्ट सांगावीशी वाटली. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असायच्या. गुरुजी रागवायचे नाहीत, मुलं नसताना स्वतःच आवरून ठेवायचे, अंथरुणाच्या घड्या घालायचे. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटायची. मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिकही काढायचे. म्हणजे मुलं अभ्यासाला बसायची तेव्हा त्यांच्यातला मोठा माणूसही लिहित-वाचत असायचा. माझं मत असं की टीव्ही बंद करा म्हणण्यापेक्षा त्या वेळेत मोठ्यांनी समोर बसून काहीतरी वाचावं. पेपर चालेल, पोथी चालेल, बियाण्याच्या दुकानाची पावती चालेल.

तापीकाठ

गुरुजींच्या घरात मोबाइल नव्हता हो. आमचे बाबा पेपर उघडून बसतात आणि पेपरच्या आत रील.

आरोळी

बाहेरच्या आवाजाचा विषय अजून कुणी काढला नाही, लग्नसराईत काढतील. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणावारी काही ठराविक दिवस बारापर्यंत सवलत मिळते. तक्रार ११२ वर करता येते. हे सगळं मला पाठ आहे कारण मागे मंगल कार्यालय आहे. पाठ असूनही दरवर्षी निम्म्या वेळा मी फोन करत नाही, कारण वरात ओळखीच्याच माणसाची असते आणि आहेर मी पण दिलेला असतो.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा, मग सगळं सुरू. एका घराने बंद केलं तर भांडण होतं, गावाने बंद केलं तर रीत होते. वैशाखवणवा, तुमच्या गल्लीत चार घरं तयार झाली तरी आबांच्या मंडळींना ‘साडेआठनंतर या’ म्हणणं सोपं जाईल.

पुण्यातला खानदेशी

भोंगा गावात ठीक आहे. आमच्या सोसायटीत वाजवला तर लोक गाड्या घेऊन बाहेर पळतील.

मुनीमजी

उष्मांक, दिव्याबद्दल लिहा ना. नातीला डोकेदुखी होते, उजेड कमी पडतो का कसं बघायचं?

उष्मांक

मोबाइलवर लक्स, म्हणजे वहीवर पडणारा उजेड, मोजायचं ॲप मिळतं, फार अचूक नसतं पण अंदाज येतो. वाचायला-लिहायला वहीवर ३०० ते ५०० लक्स हवेत असं धरतात. आमच्या हॉलमध्ये ट्यूबखाली ९० निघाले, त्यात डोक्याची सावली वहीवर. महागडा दिवा लागत नाही. साधा ९ वॅटचा एलईडी ८००-९०० ल्यूमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देतो, तोच छतावरून खाली आणला की काम होतं. अंतर निम्मं केलं तर उजेड साधारण चौपट. लिहिता हात ज्या बाजूचा त्याच्या विरुद्ध बाजूने उजेड यावा: उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून, डावखुऱ्याला उजवीकडून. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर सावली पडते, बाजूला असली की उत्तम. दिवा तेवढाच लावून बाकी खोली काळोखी करू नका, तेही डोळ्यांना त्रासाचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे बघा, सरकते पट्टे दिसले तर तो दिवा लुकलुकतोय, बदला.

नातीला तरीही आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. आणि उजेडात खेळायला पाठवा. रोज जास्त वेळ उघड्यावर असणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा कमी लागतो, असं तैवान आणि चीनमधल्या अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी नको, सकाळी सात ते नऊ.

वैशाखवणवा

मंडळी, थोडी प्रगती कळवते. मूळ प्रश्नांची उत्तरं बरीचशी मिळाली.

थर्मामीटरने मोजलं. उष्मांक म्हणाले तसंच निघालं. रात्री आठला आमची स्लॅबखालची खोली पत्र्याच्या खोलीपेक्षा गरम. ह्यांना पटेना, पुन्हा मोजलं, मग पटलं. पण वायरिंग जुनं आहे, त्यामुळे तूर्त वर कुणी जाणार नाही. आधी इलेक्ट्रिशियन.

मुलाची सोय जिन्याखाली. तिथे चपलांचा स्टँड होता. टीव्ही दिसत नाही, शब्द पुसट येतात, स्वयंपाकघरातून मला त्याची पाठ दिसते, वही दिसत नाही. पुण्यातला खानदेशी, दार नाही पण पडदा आहे, तो त्याने स्वतः निवडला. मुलीला बैठं डेस्क करायला टाकलंय, ती माईंच्या खोलीत बसणार. माईंनी स्वतः म्हटलं, ‘ती माझ्यापाशी बसू दे, मला वाचून दाखवेल.’ पेटी तिला आजच दिली, कुलपासकट. किल्ली गळ्यात घालून शाळेत गेली.

टीव्ही: वायरलेस हेडफोनचा पर्याय मी काढला. आबांनी दोन दिवस लावला आणि मग तो कानाला लावून आमच्याशी ओरडून बोलायला लागले. परत ठेवला. आता सात ते साडेआठ ओट्यावरच बसतात, डासांसाठी ओट्याला जाळी मारून दिली. जाळीचा खर्च टेबलाच्या खर्चापेक्षा कमी आला. मित्रमंडळी खूश आहे, आत यावं लागत नाही, म्हणजे सूनबाईसमोर तंबाखू लपवावी लागत नाही.

भुसावळ जंक्शन

जाळी! इतके प्रतिसाद झाले, कुणालाही सुचलं नाही की प्रश्न डासांचा होता.

पुण्यातला खानदेशी

पडदा चालेल. पण आठवीत चालेल, दहावीत दार लागेल, लिहून ठेवा.

कपाशीचं बोंड

जिन्याखाली ओल आहे का बघा, पावसाळ्यात पुस्तकांना वाळवी लागते. फळी भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा.

पहिलटकर

धागा उशिरा वाचला. माझा मुलगा दहावीला आहे, फेब्रुवारीत परीक्षा, घराला लागूनच मंगल कार्यालय. जागा बदलून उपयोग नाही, आवाज सगळ्या घरात सारखाच. आरोळींसारखाच मीही फोन करायला कचरतो. काय करावं?

आरोळी

पहिलटकर, कार्यालयाच्या मॅनेजरकडे जा आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या बुकिंगच्या तारखा मागून घ्या. देतात. हळदीच्या संध्याकाळी आणि लग्नाच्या दिवशी मुलगा मावशीकडे किंवा अभ्यासिकेत, बाकी दिवस घरी. पेपरच्या आदल्या रात्री बुकिंग असेल तर मात्र आधीच मालकाला भेटा, डीजेवाल्याला नाही. डीजेवाल्याने आगाऊ पैसे घेतलेले असतात.

अमळनेरचा

आणि तारखा घेताना जेवण काय आहे तेही विचारा.

शेवभाजी तिखट

मी काही बोललो नाहीये.